डोकी मोजायची की वाट?

रशियाच्या क्रास्नोयार्स्क प्रांतात इव्हेंकी नावाचा एक जिल्हा आहे. क्षेत्रफळ सुमारे ७ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास अडीचपट. २०१० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १६ हजारांच्या थोडी वर भरली. आपल्या ऊसपट्ट्यातल्या दोन-तीन मोठ्या गावांत मिळून तेवढी माणसं राहतात. याच्या शेजारी सातारा आणि सांगलीचे आकडे ठेवले तर तुलनाच संपते. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्यात ३० लाख ३ हजार ७४१ माणसं आणि चौरस किलोमीटरमागे घनता २८७. सांगलीत २८ लाख २२ हजार १४३ आणि घनता ३२९. राज्याची सरासरी घनता ३६५. मग दुर्गम प्रदेश आणि त्याची विरळ वस्ती या विषयावर कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांत बोलण्यासारखं काही उरतं का?

उरतं, असं या लेखाचं म्हणणं आहे. पण त्यावरचे आक्षेप पोकळ नाहीत, म्हणून दोन कल्पित माणसांना समोरासमोर बसवलं आहे. रावसाहेब साताऱ्याचे, महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. निकष, तरतूद आणि लाभार्थी हे त्यांच्या विचाराचे तीन खुंट. बाई सांगलीच्या, हायस्कुलात भूगोल शिकवणाऱ्या. कोणताही आकडा नकाशावर ठेवून पाहिल्याशिवाय त्यांना पटत नाही.

रावसाहेब : बाई, आपला भाग दुर्गम आहे अशी तक्रार प्रत्येक तालुक्यातून येते. खरा दुर्गम मुलूख बघायचा तर तो इव्हेंकीचा. तिथं शंभर चौरस किलोमीटरमध्ये सरासरी दोन माणसं. तेवढ्याच जागेत सातारा जिल्ह्यात अठ्ठावीस हजारांवर. तुरा हे तिथलं मुख्य ठिकाण. तिथं पोचायला विमान, नाहीतर हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवरचा रस्ता, नाहीतर वसंतात नदीला पूर येतो त्या थोड्या आठवड्यांत जहाजं. आपल्याकडे पुणे-बंगळूर महामार्ग दोन्ही जिल्ह्यांतून जातो, मिरजेसारखं जंक्शन आहे, साखर कारखाने आहेत, गावोगाव एसटी आहे. अशा ठिकाणी दुर्गमतेच्या नावाखाली वेगळे निकष मागितले तर खऱ्या गरजूंचा वाटा कमी होतो. सरकारकडे पैसा मोजका असतो. तो जिथं जास्त माणसं तिथं जास्त, हा साधा न्याय आहे. त्यात कुणाचा पक्षपात नाही, कुणाची शिफारस चालत नाही, आणि मोजमापही सोपं.

बाई : रावसाहेब, सरासरी घेतली की डोंगर सपाट होतो. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि शंभर किलोमीटरच्या आत पूर्वेला, माण तालुक्यात, पाचशेच्या आसपास. या दोन्हींची सरासरी काढून कुणी पेरणी करत नाही. लोकसंख्येचं तसंच आहे. महाबळेश्वर तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ७३ हजार होती. त्यात महाबळेश्वर आणि पाचगणी ही गिरिस्थानं आली, प्रत्येकी दहा हजारांहून जास्त वस्तीची. आपली जनगणना माणसाला तो नेहमी राहतो तिथं मोजते. त्यामुळे पाचगणीच्या निवासी शाळांतली, देशभरातून आलेली मुलं या तालुक्याच्या आकड्यात धरली जातात. आणि त्याच तालुक्यातल्या कांदाटी खोऱ्यात जन्मलेला, मुंबईत राहणारा तरुण मुंबईच्या आकड्यात जातो. एवढ्यावरून पाहा, तालुक्याची बेरीज बरोबर असूनही अकल्पे, लामज, उचाट, शिंदी, वळवण या गावांबद्दल ती काहीच सांगत नाही. तुम्ही इव्हेंकीची घनता सांगितलीत. मी विचारते, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडच्या काठावरून बाळंतीण किती वेळात डॉक्टरपर्यंत पोचते? घनतेच्या आकड्यात या प्रश्नाचं उत्तर नाही.

रावसाहेब : उत्तर नसेल, पण दुर्लक्षही नाही. हिशेब बघा. ७३ हजारांच्या महाबळेश्वरला स्वतंत्र तहसील आहे, पंचायत समिती आहे. लाखाच्या थोड्या वर असलेल्या जावळीलाही आहे. दुसरीकडे मिरज तालुक्याची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे. माणशी हिशेब केला तर डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला सरकार जास्तच येतं. शिवाय हे तालुके मुळातच डोंगराचे. सह्याद्री काही कुठल्या खात्यानं उभा केलेला नाही. निसर्गानं जे विरळ ठेवलं ते विरळच राहणार. त्याचा दोष निकषाला का द्यायचा?

बाई : निसर्गानं ठेवलं, हेच मला मान्य नाही. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली, ती काही ओसाड रान म्हणून नव्हे. घाटमाथा आणि कोकण यांच्यामधल्या वाटा त्या मुलखाच्या हातात होत्या. ज्याचं लक्ष घाटवाटांवर, त्याच्या दृष्टीनं जावळी अगदी मधोमध होती. तिला कोपऱ्यात टाकलं ते पुढच्या काळानं, आणि त्यातला सर्वांत मोठा धक्का तर आपल्या डोळ्यांदेखतचा आहे. कोयना महाबळेश्वराला उगम पावते आणि दक्षिणेकडे वाहत हेळवाकला पूर्वेकडे वळते. १९५० च्या दशकात तिच्यावर धरणाचं काम सुरू झालं, १९६० च्या दशकात पाणी साठलं. शंभर टीएमसीहून अधिक पाणी आणि सुमारे पन्नास किलोमीटर लांबीचा जलाशय. शंभराच्या आसपास गावं त्यात गेली. माणसं सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी विखुरली. जी वर सरकून राहिली त्यांच्या नदीकाठच्या जमिनी गेल्या आणि काठाकाठानं जाणाऱ्या वाटाही गेल्या. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण मध्ये पाणी. जायचं तर लाँच किंवा तराफा. वादळी वारा असला की तोही सुटत नाही. शिंदी-वळवणच्या बाजूला रघुवीर घाट उतरून कोकणातलं खेड गाठता येतं, पण कचेरीचं काम महाबळेश्वरला. आज कोयनेची स्थापित वीजक्षमता १,९६० मेगावॉटच्या घरात आहे आणि तिच्यावर महाराष्ट्राचे कारखाने चालले. तेव्हा ही दुर्गमता राज्यानं, राज्याच्या गरजेसाठी, तयार केलेली आहे. जे आपण तयार केलं त्याची भरपाई डोकी मोजून कशी देणार? डोकी तर आपणच हलवली.

रावसाहेब : धरणाचं मान्य. पुनर्वसनाची कामं वर्षानुवर्षं रेंगाळली हेही मान्य. पण सगळं धरणावर ढकलू नका. पाटण-जावळीची माणसं धरणाच्या आधीपासून मुंबईला जात होती. गोदीत, बाजारात पाठीवर ओझी वाहून त्यांनी संसार उभे केले. माथाडींची चळवळ उभारणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातले. १९६९ चा माथाडी कायदा त्या चळवळीतून आला. खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरली, सोनं-चांदी गाळून त्यांनी गावाकडं बंगले बांधले. ही काय दुःखाची गोष्ट आहे? माणूस जिथं संधी तिथं जातो. सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये सात टक्क्यांच्या आतच वाढली, राज्याची सोळा टक्क्यांच्या जवळ. लोकांनी पायांनी कौल दिला आहे. सरकारनं रिकाम्या होणाऱ्या वाड्यांमागं दवाखाने आणि शाळा घेऊन धावायचं, की माणसं जिथं गेली तिथं सोयी करायच्या?

बाई : कौल कुणी दिला, ते आधी बघूया. १९९१ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे हजाराहून अधिक स्त्रिया होत्या. बाहेरच्या माणसाला हा आकडा अभिमानाचा वाटेल. पण लहान मुलांमधलं मुलींचं प्रमाण नंतरच्या जनगणनांत दोन्ही जिल्ह्यांत चिंतेचं निघालं. म्हणजे मोठ्या वयातलं स्त्रियांचं आधिक्य हा मुलींच्या सन्मानाचा पुरावा नव्हता. कमावते पुरुष मुंबईला होते, एवढाच त्याचा अर्थ. जे गेले ते धडधाकट होते. मागं राहिल्या बायका, म्हातारी माणसं, शाळेची मुलं. ज्यांना दवाखाना आणि शाळा सर्वांत जास्त लागते नेमके तेच. आता तुमचा निकष इथं लावा. माणसं कमी म्हणून दवाखाना लांब, दवाखाना लांब म्हणून तरुण सून गावात राहायला तयार नाही, ती गेली की शाळेचा पट घसरतो, पट घसरला की शाळेवर गदा, आणि शाळा गेली की उरलेलं घरही निघतं. प्रत्येक पायरीला खातं म्हणतं, लोकसंख्याच नाही. पण लोकसंख्या नसण्याचं एक कारण ते खातंच आहे. स्वतःच घडवलेल्या परिणामाला पुरावा मानायचं, हा मोजमापातला दोष आहे. आणि ज्याच्यापुढे दुसरी वाटच नाही, त्याच्या जाण्याला कौल म्हणता येत नाही.

रावसाहेब : बाई, तुम्ही निकष न बघताच त्याला दोष देताय. सरकारला डोंगर कळत नाही असं नाही. सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी भागात २० हजारांमागे. उपकेंद्र सपाटीला पाच हजारांमागे, डोंगरात तीन हजारांमागे. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली तेव्हा सपाटीला ५०० वस्तीची अट होती, डोंगरी राज्यांना २५०. शिवाय डोंगरी विकास कार्यक्रमाचा निधी वेगळा. म्हणजे सवलत दिलेलीच आहे. त्यापुढे जायचं तर वाडीवाडीला डॉक्टर बसवावा लागेल. दहा घरांसाठी नेमलेला डॉक्टर दिवसभर करणार काय? सहा महिन्यांत तो बदली मागेल, आणि मागितली तर त्याला दोष देता येणार नाही.

बाई : सवलत दिली, पण माप तेच ठेवलं. तीस हजारांऐवजी वीस हजार डोकी, पाचशेऐवजी अडीचशे. कोयनेच्या पाणलोटातल्या ज्या वाडीत साठ-सत्तर माणसं उरली आहेत तिला अडीचशेची अटही पाचशेइतकीच लांब. आणि वाटेचं माप सरकारला नवीन नाही, हे तुम्ही विसरताय. शिक्षण हक्क कायदा आला तेव्हा शाळा किती मुलांमागे असावी यापेक्षा किती अंतरावर असावी हे आधी ठरलं: पहिली ते पाचवी एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आत. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या सूचनांतही डोंगरी आणि वाळवंटी भागात उपकेंद्राची जागा ठरवताना पायी अर्ध्या तासाचा निकष मान्य आहे. म्हणजे तत्त्व आपण स्वीकारलंय, वापरताना मात्र पुन्हा डोक्यांवर येतो. २०२३ मध्ये शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. सपाटीला दोन शाळा एकत्र केल्या तर मुलाला एसटी किंवा सायकल मिळेल. जिथं दोन गावांच्या मध्ये ओढा आणि रान आहे तिथं जुलैत ते मूल काय करणार? राहिला डॉक्टरचा प्रश्न. वाडीवाडीला दवाखाना बांधा असं मी म्हणतच नाही. ठरलेल्या वारी येणारं फिरतं पथक, रुग्णासाठी राखीव लाँच, काठावर कायम राहणारी परिचारिका, यांतलं जिथं जे बसेल ते द्या. फक्त ते ठरवताना आधी वेळ मोजा.

रावसाहेब : बरं, मग माझा सर्वांत जड मुद्दा ऐका. तो तुमच्याच जिल्ह्यातला आहे. जत तालुक्याची लोकसंख्या २०११ ला सव्वातीन लाखांच्या वर. डोकी कमी होती म्हणून जतला पाणी मिळालं नाही, असं म्हणता येणार नाही. तिथं माणसं भरपूर, मतदारसंघ स्वतंत्र, आणि तरीही पूर्व भाग टँकरवर राहिला. म्हणजे डोकी मोजण्यात खोट नाही. खोट आहे पाण्यात, उंचीत, योजनेच्या पैशात. तुमचं अख्खं म्हणणं कांदाटी खोऱ्यावर उभं आहे. जतमध्ये ते लागू पडत नाही.

बाई : जतमध्येच ते सर्वांत जास्त लागू पडतं. जत तालुका सांगली जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा सुमारे चौथा हिस्सा आहे, आणि तालुके एकूण दहा. घनता चौरस किलोमीटरला दीडशेच्या आतबाहेर, म्हणजे जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. जत शहर सांगलीपासून ऐंशी किलोमीटरहून दूर, आणि उमदी-संखचा पट्टा जतच्याही पलीकडे. उमदीहून सांगलीपेक्षा कर्नाटकातलं विजयपूर पुष्कळ जवळ. हा तालुका असा का? कारण तो डफळ्यांचं संस्थान होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा तयार झाला तेव्हा तो त्यात आला. १९६० मध्ये त्याच जिल्ह्याचं नाव सांगली झालं. पुढे कवठेमहांकाळ, आटपाडी, पलूस, कडेगाव असे नवे तालुके झाले, जत मात्र तसाच अखंड राहिला. तुमच्या हिशेबात तालुक्याचा आकडा सव्वातीन लाख, म्हणजे प्रश्न मोठा दिसायला हवा होता. पण पूर्व भागातली वाट त्या आकड्यात दिसत नव्हती. म्हैसाळला कृष्णेचं पाणी उचललं जातं आणि टप्प्याटप्प्यानं वर चढवलं जातं. ज्याचं शेत शेवटच्या टप्प्याला, त्याची पाळी शेवटी. २०२२ च्या अखेरीस कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतमधल्या सीमेवरच्या गावांवर दावा सांगितला, त्या गावांच्या कर्नाटकात जाण्याच्या जुन्या ठरावांची आठवण करून दिली, तेव्हा कुठं विस्तारित म्हैसाळ योजनेला वेग आला. संखला अप्पर तहसील कार्यालय झालं, तेही लोकसंख्या एकाएकी वाढली म्हणून नव्हे. जतपर्यंतची वाट लांब होती म्हणून. सरकारनं इथं माझंच माप वापरलं. फक्त उशिरा, आणि लोकांनी दुसऱ्या राज्याकडे तोंड वळवल्यावर.

रावसाहेब : पण वाट मोजायची कुणी? आज लोकसंख्येचा आकडा जनगणना खातं देतं, त्यावर वाद नसतो. उद्या वेळेचा निकष लावला की प्रत्येक सरपंच म्हणेल, आमच्याकडून तालुक्याला तीन तास लागतात. पुढारी दाखले आणतील. आणि रशियाचं उदाहरण तुमच्या विरोधात जातं. तिथं अति-उत्तरेच्या प्रदेशांची कायद्यानं यादी केलेली आहे. तिथं काम करणाऱ्याला पगारात वाढीव भत्ता, निवृत्तीत सवलत. एवढं करूनही इव्हेंकीची लोकसंख्या १९८९ ला २४ हजारांवर होती ती २०१० ला १६ हजारांवर आली. २००७ मध्ये त्या मुलखाची स्वायत्तताही संपली आणि तो क्रास्नोयार्स्क प्रांतातला एक जिल्हा झाला. वाट मोजून भत्ते देऊन झालं काय? माणसं राहिली नाहीतच.

बाई : माणसं राहावीत म्हणून मी हे मागत नाही. सोव्हिएत राज्य कोसळल्यावर तिथली सरकारी कामं बंद पडली, माणसं परत गेली. भत्ता माणसाला बांधून ठेवत नाही, हे खरं. पण जी सोळा हजार राहिली, त्यांच्यासाठी इंधन आणि धान्य नदीचं पाणी उतरायच्या आत पोचवावं लागतं, हे तिथली यंत्रणा धरून चालते. तिचं वेळापत्रक वाटेवर बेतलेलं असतं, माणसांच्या संख्येवर नाही. मला एवढंच हवं आहे. जाणाऱ्यानं खुशाल जावं. पण राहणाऱ्याला, तू एकटा आहेस म्हणून थांब, असं कुणी सांगू नये. मोजण्याचं म्हणाल तर तेही अवघड नाही. सरपंचाचा दाखला कशाला? वाडी ठरलेली, दवाखाना ठरलेला, मधली वाट ठरलेली. पश्चिमेला जुलैतल्या पावसात आणि पूर्वेला मे महिन्यात ती वाट एकदा चालून, एकदा वाहनानं जाऊन नोंदवायची. आणि वाद नसलेल्या तुमच्या जनगणनेचंच बघा. येत्या जनगणनेची संदर्भतारीख देशभर १ मार्च २०२७ आहे, पण लडाख, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड इथल्या बर्फाळ भागांसाठी ती १ ऑक्टोबर २०२६ ठेवली आहे. डोकी मोजणारं खातंसुद्धा आधी वाट बघतं, मग तारीख ठरवतं.

रावसाहेब : तरी दोन गोष्टी राहतात. एक, ही वाट आता आपोआप आखूड होते आहे. तापोळ्याजवळ जलाशयावर मोठा पूल होतोय, नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पाच्या पहिल्या आराखड्यात २३५ गावं होती. पर्यटन आलं की दवाखानाही येईल. आणि दुसरी गोष्ट, लोकशाहीत डोकं हेच शेवटचं माप. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत जावळीचा स्वतंत्र मतदारसंघ गेला, तो भाग साताऱ्याला जोडला. वाईट वाटलं असेल, पण एक माणूस एक मत हे तत्त्व सोडायचं का? तुमचं वाटेचं माप तिथं लावलं तर डोंगरातल्या एका मताला मिरजेतल्या दहा मतांची किंमत येईल.

बाई : दुसऱ्या गोष्टीत तुम्ही पूर्ण बरोबर आहात. मत डोक्यानंच मोजलं पाहिजे. जावळीचा मतदारसंघ गेला याबद्दल मला तक्रार नाही. पण त्यातून काय निघतं ते बघा. ज्यांची मतं कमी, त्यांचा आमदारही आता शहराच्या मतांवर निवडून येणार. मग सेवाही मतांच्याच प्रमाणात वाटल्या तर त्या माणसाला दोन्हीकडून तेच माप लागलं. एकीकडे ते न्याय्य आहे, म्हणूनच दुसरीकडे ते नको. पहिल्या गोष्टीबद्दल सांगते. पूल झाला तर आनंदच आहे. पण पूल पर्यटकाला आत आणतो, परिचारिकेला आणतोच असं नाही. पर्यटनाचा आराखडा जागा किती आणि पाहुणे किती हे मोजतो. त्याच डोंगरावर २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, चार जिल्ह्यांत पसरलेला, सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरचा. शिराळ्याच्या पश्चिमेची, चांदोलीच्या बाजूची गावं जंगलासाठी उठली. एकाच डोंगरावरून एक खातं माणसं उठवतं आणि दुसरं पाहुणे बोलावतं. दोघांच्याही कागदावर तिथं राहणाऱ्याची वाट नाही. पूल झाल्यावर वेळ पुन्हा मोजा. कमी झाला असेल तर त्या वाडीचं नाव यादीतून काढा. माझं माप कायमची सवलत देत नाही, हाच त्याचा फायदा आहे.

दोन्ही बाजू मांडल्यावर लेखकानं तटस्थ राहण्यात अर्थ नाही. रावसाहेबांचे तीन मुद्दे टिकतात. प्रतिनिधित्व लोकसंख्येनंच ठरलं पाहिजे. प्रत्येक वाडीला इमारत बांधणं हा उपाय नव्हे. आणि जो निकष मोजता येत नाही तो शिफारशीच्या हाती जातो. पण या तिन्हींतून लोकसंख्येचा निकष सेवांनाही लावावा असं निघत नाही. लोकसंख्या ही काही अंशी आधीच्या निर्णयांचा परिणाम असते. कोयनेच्या पाण्यानं एक खोरं तोडलं, संस्थानी हद्दीनं एक तालुका अवाढव्य ठेवला, मुंबईनं कमावते हात नेले. या सगळ्यानंतर उरलेली डोकी मोजून, तुमच्यासाठी एवढंच, असं सांगणं हा हिशेब दिसायला सरळ आणि मुळात एकतर्फी आहे. कांदाटी आणि पूर्व जत यांच्यात पाऊस, भाषा, पीक यांपैकी काहीच सारखं नाही. एकीकडे माणसं फार थोडी, दुसरीकडे भरपूर. तरी दोन्हीकडे सरकार उशिरा पोचलं. दोघांमध्ये समान आहे ती फक्त कचेरीपर्यंतची लांब वाट. म्हणून लोकसंख्येपेक्षा वाट हे कारण अधिक पटतं.

सातारा आणि सांगलीच्या जिल्हा परिषदांना यासाठी नव्या कायद्याची किंवा मोठ्या निधीची गरज नाही. ग्रामसेवक, तलाठी आणि आशा सेविका गावात आहेतच. प्रत्येक वाडीपुढे तीन रकाने भरायचे: डॉक्टर असलेला सर्वांत जवळचा दवाखाना, सातवीपर्यंतची शाळा आणि तहसील कचेरी इथं वर्षातल्या सर्वांत वाईट महिन्यात पोचायला लागणारा वेळ. ही यादी ग्रामसभेत वाचायची म्हणजे फुगवलेले आकडे तिथंच पकडले जातील. दर दोन वर्षांनी ती नवी करायची. आरोग्य, शिक्षण आणि महसूल या तीन खात्यांनी नवी जागा देताना किंवा जुनी बंद करताना ती समोर ठेवायची. १ मार्च २०२७ ला या दोन जिल्ह्यांत किती माणसं आहेत हे देशाला कळेल. ती माणसं डॉक्टरपासून किती तासांवर आहेत, हे त्याआधी आपणच मोजलं पाहिजे. मतं डोक्यांनी मोजावीत. दवाखाना, शाळा आणि कचेरी वाटेनं.